पुंगळी

हिंगण्याची रेंज. सकाळचे साडेनऊ,
आणि नागपूरचा मे असा की
बटामागची माती आत्ताच धग फेकतेय.
पेटी उघडली. आत फोममध्ये निजलेले बारा चष्मे.
पुण्याहून आलेला पोरगा समजावतो:
रायफल खरी, गोळी खोटी,
मैदान खरं, माणूस खोटा.
कुंभरे उस्ताद मागे उभे,
रिकाम्या पुंगळ्या मोजायची टोपली हातात,
पाऊस नसताना छत्री आणलेल्या माणसासारखे.

चष्मा लावला.
बाभळीशेजारी हिरवा बाण उगवला:
वारा डावीकडून, ताशी नऊ.
एवढंच शिकवायला उस्तादांनी अख्खा एप्रिल घेतला होता.
"जमिनीवरचं मृगजळ पाय, पोरी.
लाटा जिकडं पयून राहिल्या
तिकडंच तुही गोळी पयन."
आता वारा वाचायला काच आहे
आणि काचेतून मृगजळ दिसत नाही.
तिनं ते पुसून टाकलंय,
डाग समजून.

मग तो आला. निळा शर्ट,
हातात काहीतरी.
श्वास अर्धा सोडला, बोट आवळलं.
खांद्याला धक्का नाही, दारूचा वास नाही,
कानात फक्त टिंग,
पगार जमा झाल्यासारखं.
अकरा वेळा टिंग.

बारावा उभा राहिला
आणि माझी नजर त्याच्या पायांशी गेली.
बाभळीची सावली पडलेली,
माझी, उस्तादांची,
त्या रिकाम्या पेटीचीसुद्धा.
त्याच्या पायाशी नुसतं ऊन.

काचेवर लाल अक्षरं आली:
काटेखाये, विलंब दीड सेकंद.
आपण मृत आहात.

"सावली नव्हती त्याला," मी म्हणाले.
पोरगा टिपून घेतो:
"पुढच्या अपडेटला टाकतो, मॅडम."

उस्ताद काही बोलले नाहीत.
वाकले, सवयीनं,
कुसळांत हात फिरवू लागले.
एक पुंगळी कमी भरली की
अख्खी तुकडी अंधार पडेस्तोवर गवत चाळायची,
जेवण बंद.
आज हरवण्यासारखं काही नव्हतं.
तरी मी चष्मा कपाळावर सारला
आणि त्यांच्या शेजारी बसले.

सापडली एक.
कुठल्या तुकडीची, कुठल्या सालची,
तिच्यापायी कोण उपाशी झोपलं,
पितळ पार काळवंडलेलं.
तळहातावर घेतली तर गरम.
उन्हानंच असणार.

उस्तादांनी टोपली पुढे केली.