सात दिवस

मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी माझी.
बाहेरच्या पाटीवर अजून तेच :
'खाजगी गरम कुंड, सहकुटुंब या.'
कुंड कोरडं पडून दोन वर्षं झाली.
त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर
पोरांचे शाळेचे बूट, जिभा बाहेर काढून वाळणारे.

रोटोरुआत जमीन आपणहून उकळते.
गटाराच्या जाळीतून वाफ, गंधकाचा वास कपड्यांना.
लोक सातासमुद्रांपलीकडून येतात,
तिकीट काढून चिखलाची उकळी बघतात.
आणि चौदा नंबरमध्ये हीटर तासाभरापुरता.
मेरेआना केटलीतल्या पाण्यावर नूडल्स भिजवते,
चार वाट्या करते.
पाचवी ती. ती कामावरून जेवून आलेली असते.
रोज कोण वाढतं तिला तिथे, मी विचारत नाही.
कामावर म्हणजे मोठ्या हॉटेलात. चादरी बदलायला.

मंगळवारी कागद येतो. मुक्काम सात दिवस.
तिची सही, माझा शिक्का.
पुन्हा मंगळवार.
असं करत करत वर्ष उलटलं, वर सहा आठवडे.
मधल्या काळात हुया चालायला लागली
पलंगाची कड धरून,
कड संपली की भिंत, भिंतीपाशी वळायचं.
तिला वाटतं, चालणं म्हणजे वळणं.

काल दहाच्या सुमारास राविरी खाली आला,
आठ वर्षांचा, बापाच्या जर्सीत गुडघ्यापर्यंत बुडालेला.
हातात गृहपाठ : घर ते शाळा, नकाशा काढा.
शाळा छान काढली होती, झेंड्यासकट.
रस्ता, पूल, पावाचं दुकान, पुलाखालचं बदक.
या टोकाला नुसता चौकोन, आत चौदा.

"शिक्का मारता?"
कशाला रे?
"आईच्या कागदावर मारता, मग आम्ही राहतो."

शिक्क्याची चाकं रबरी, बोटाने फिरतात.
मी दिवस फिरवला, महिना फिरवला,
वर्षाचं चाक पार शेवटच्या आकड्यावर नेलं.
शाईत बुडवून हात वर धरला होता
तेवढ्यात त्याने वाकून उलटे आकडे वाचले,
हळूहळू, ओठ हलवत.

"एवढं नको," म्हणाला,
"बाईंना खरं वाटायचं नाही."