खिळे माझे

ठरलंय ते असं:
लाकूड कंपनीचं, खिळे माझे.
कागदावर कुठं नाही.
तांडेल सुपरवायझर एकदा तोंडानं बोलून गेला,
अकरा वर्षं मी तेच धरून बसलेय.

रबाळ्याच्या यार्डात सकाळी ट्रक उलटतो.
उरणच्या बंदरावरून आलेली पॅलेटं,
अंगावर कुठल्या कुठल्या देशांचे डागलेले शिक्के;
वाशीत पाडलेल्या बिल्डिंगींच्या चौकटी;
गणपती उठले की मांडवांच्या रिपा,
झिरमिळ्यांचा कागद अजून चिकटलेला.
तेलरंगाचं बाजूला, ओलं बाजूला,
वाळवीनं खाल्लेलं बॉयलरला.
उरतं ते माझ्यापुढं.
पहार, पक्कड,
आणि गुडघ्याखाली दुमडलेलं पोतं.

सागातला खिळा कुरकुरत निघतो.
पॅलेटातला सुटून येतो नुसता,
दुधाच्या दातासारखा.
बाभळीतला येतच नाही.
तिला आधी दोन शिव्या लागतात.

खिळ्यांवरून घर कळतं, असं मी म्हणणार नाही.
एवढंच कळतं, की इथं काहीतरी टांगलेलं होतं.
एका चौकटीवर वितीएवढ्या जागेत सात भोकं.
कुणाचा तरी फोटो
सरळ लागतच नव्हता.

एखादा नजरेतून सुटला की पुढं चुंबक पकडतो,
भोंगा होतो, पट्टा थांबतो.
बिंदेश्वर चिपरवरून खाली उतरतो
आणि काही न बोलता तो माझ्या हातावर आणून ठेवतो.
वहीत माझ्या नावापुढं मिनिटं चढतात.
तरी खिळा माझाच.

मागल्या मंगळवारी देव्हारा आला.
सागाचा. शिखर मोडलेलं,
आतलं छत समईच्या काजळीनं काळं.
देव कुणीतरी आधीच नेलेले.
बिंदेश्वरनं हात मागं घेतले.
तांडेलला नेमका तेव्हाच फोन आला.
लॅबमधली रेश्मा वास्कर सुई टोचून म्हणाली,
मावशी, ओलावा नऊ टक्के, माल चांगला आहे,
आणि मग तीही चपलेकडं बघत राहिली.

मी पोतं सरकवलं.
बारा खिळे निघाले, दोन बिजागऱ्या,
आणि छतातून घंटेचा एक हूक.
मग मीच उचलला तो, पट्ट्यावर ठेवला,
तोंड माझ्याकडं करून.

पुढचं सगळ्यांना सारखंच.
बारीक भुगा वरच्या थराला, जाड पोटात,
डोळ्यांत पाणी आणणारा तो गोंद,
तापलेल्या प्लेटींचा दाब,
आणि थोड्या वेळात बोर्ड बाहेर.
गुळगुळीत. ना देश, ना देव.
त्या दिवशीच्या थप्पीत मी काळा ठिपका शोधला.
ठिपके पुष्कळ होते.

घणसोलीच्या खोलीत सुनेनं हप्त्यावर कपाट आणलंय,
असल्याच बोर्डाचं.
दाराला आतून आरसा लावावा म्हणून खिळा ठोकला,
तर धरलाच नाही त्यानं.
चिमूटभर भुसा सांडला फरशीवर.
सून म्हणाली, आई, ह्याला स्क्रू लागतो.
मी काय बोलणार?
जन्मभर ह्याच्या अंगातले उपटले,
आता ह्यानं सवयच टाकली.

शनिवारी भंगारवाल्याचा काटा:
नऊ किलो सातशे.
वाकडे, सरळ, देवाचे, दाराचे,
सगळ्यांना एकच भाव.
हूक मी घातला नाही काट्यावर.
तो पदराच्या गाठीत आहे.
पितळ आहे की पिवळं पाणी दिलेलं लोखंड,
अजून पारखलेलं नाही.

पट्ट्याशेजारून जाताना
मी पदर
चुंबकाच्या पलीकडच्या खांद्यावर घेते.