काळ्यावर पाच, पांढऱ्यावर पाच

काउंटरवरचा मुलगा, छातीवर नाव नीलय,
निळ्या मखमलीवर खडा ठेवतो आणि म्हणतो,
मॅडम, हिऱ्याचा रंग डी पासून सुरू होतो.
आणि ए, बी, सी?
ते नसतातच, मॅडम.

नसतात कसे.
रबाळ्याला सव्वीस वर्षं
मी ए केली, बी केली.
सी बायकांना नव्हती. ती नवऱ्याने केली,
दोन गल्ल्या सोडून, रंगाच्या कारखान्यात.
आमची गाठ कुलपाशी पडायची,
किल्ली शेजारी, भाजी झाकून.
डी पाळी तेवढी कोणालाच नव्हती.

तो समजावतो, मी पिशवीतलं पाकीट उलटं करून लिहून घेते.
वजनाला भुलू नका.
जाडा कापलेला हिरा वजन पोटात लपवतो.
उजेड वरून आत जातो, तळाला वळतो, परत येतो.
कापणी चुकली की बुडातून गळतो.
(गळती. हा शब्द मला कोणी शिकवायला नको.)
जे रंगाची पिवळट झाक पिवळ्या सोन्यात खपून जाते.
प्रयोगशाळेत वाढवलेला, तोही हिराच,
पाचव्या हिश्शाच्या किमतीत,
फक्त उद्या परत द्यायला आलात तर आम्ही
इथे तो थांबतो.
मी ते थांबणंही लिहून घेते.

तळवलीची मावशी म्हणायची, हिऱ्याचं पाणी बघावं.
तिने हिरा पाहिला नव्हता कधी.
मी पाणी पाहिलंय.
इंजेक्शनच्या बाटलीतलं, मिनिटाला सहा बाटल्या,
काळ्या पाटीसमोर पाच सेकंद,
पांढऱ्या पाटीसमोर पाच.
काळ्यावर धागा दिसतो, पांढऱ्यावर काजळी.
बाटली कलती करायची:
कण तरंगला तर पाण्यातला,
जागेवर राहिला तर काचेतला.
दोन्ही लाल क्रेटमध्ये.
बारा नंबरची हौसा म्हणायची, अगं, एखादी सोड की.
नाही सोडली.
अकरा नंबरची सही असायची खाली. माझी.

पंचावन्नाव्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत
खालून दुसरी ओळ वाचता आली नाही.
लाल क्रेट.

आता उजव्या डोळ्यात बसवलेलं भिंग,
आणि ग्रॅच्युइटीतले उरलेले पैसे, बँकेच्या पाकिटात.
वाशीच्या या दुकानात दिवे इतके
की यांच्याखाली पिठीसाखरही पाणीदार दिसेल.
काळा कागद आहे का?
नीलय गोंधळतो. पांढरा आहे, मॅडम.
मी माझी काळी पर्सच पालथी घालते,
चिमट्यात खडा धरते, दाराकडे तोंड करते,
तिथे खरा उजेड आहे, रस्त्यावरचा, फुकटचा.

एक, दोन, तीन, चार, पाच.
कलता करते. सवयीने.
आत काही हलत नाही.
हे पाणी कधीचंच थांबलेलं.
पण कडेला, तीनच्या काट्यापाशी, काहीतरी उभं आहे,
पापणीच्या केसाएवढं.

तिथे डाग आहे, मी म्हणते.
तो भिंग डोळ्याला लावतो, मग कागद काढतो.
कागदावर हिऱ्याचा नकाशा,
नकाशावर लाल खूण, तीनच्या काट्यापाशी.
न भिंगाचं कसं दिसलं?
दिसलं नाही रे. वाट पाहिली.

तो सावरतो. सोन्याचा काटा नेमका त्याच्यावरून घेऊ,
झाकला जाईल, कोणाला कळणार नाही.
कोणाला म्हणजे?
तो उत्तर देत नाही, किंमत थोडी खाली आणतो.

कोणासाठी घेताय मॅडम, सुनेसाठी?
डी पाळीसाठी, असं तोंडावर आलं होतं.
खडा मखमलीवर ठेवला.
बोटं आपोआप पुढे सरकली,
जशी पट्ट्यावर सरकायची.

पुढचा, मी म्हटलं.