मूळ दर्जा

वडगावात, मागाच्या खोलीत,
बॉबिनच्या फळीखाली माझा सर्व्हर आहे.
कॅम्पातला सायबर कॅफे मोडला तेव्हा
साडेचार हजारांना आणलेला डबा.
सुताची धूळ फार;
दर रविवारी मी त्याच्या पंख्यातला कापूस काढतो,
दादा मागातला काढायचे तसा, चिमटीनं, शिव्या देत.

आत आमचं सगळं आहे.
सहा लग्नं, एक बारसं, उचगावची जत्रा,
आणि चौऱ्याण्णवची ती कॅसेट,
जिच्या कोपऱ्यात तारीख पिवळी आहे, आणि चुकीची.

बघणारे तिघंच.
गोकाकची वहिनी शिवगंगा, मोबाईलवर.
चंदगडचा मेहुणा, भिंतीएवढ्या टीव्हीवर.
कणकुंबीची भागाआत्या, नातवाच्या टॅबवर;
तिथं रेंज परसात फणसाखाली येते,
तीही तिच्या मर्जीनं.

आजवर डबाच ठरवायचा
कुणाला अख्खं वाढायचं, कुणाला कुस्करून.
वहिनीनं कानडी अक्षरं लावली
की ती चित्रात मुरवायला
तो अख्खं लग्न उसवून पुन्हा विणायचा.
ब्याऐंशी डिग्री. फळीवरच्या बॉबिनी थरथरायच्या.
तिकडून मेहुण्याचा फोन:
"दाजी, तुमचं लग्न अक्षतांवरच थांबलंय."

गेल्या गुरुवारी नवी आवृत्ती टाकली.
आता माणसागणिक रकाना आहे.
हेस्कॉमची लाईट गेलेली,
यूपीएसची वीस मिनिटं हातात,
तेवढ्यात मी भरत बसलो:

मेहुण्याला जसंच्या तसं, हात लावायचा नाही.
वहिनीची अक्षरं वेगळी पाठवायची, चित्राला न शिवता.
दादा मराठीत बोलतील, ती खाली कानडी वाचेल.
(ते कानडी माझंच. एका जागी 'अम्मा'चं 'एम्मे' झालंय,
आईची म्हैस.
"राहू दे भाऊजी," म्हणते, "सासूबाईंना सांगू नका.")
काय बदलून ठेवायचं ते रात्री दोन ते पाच,
गल्लीतले माग झोपल्यावर.

आत्याच्या रकान्यात सगळ्यात कमी आकडा टाकला.
शहाणपणानं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन.
"ह्यांचं तोंड दिसंना रे.
पिठात पडल्यागत. चौकोन चौकोन नुसते."
"आत्या, वाढवलं तर अडकेल."
"अडकू दे की.
मला कुठं जायचंय?"

भागाआत्या: मूळ दर्जा. मर्यादा: नाही.
डब्यानं विचारलं, या जोडणीला हे पेलणार नाही,
तरी पाठवू?
आधी कधी विचारत नव्हता.

रात्री तिच्या नावापुढं गोल फिरत होता.
चार सेकंद चाले, थांबे. तीन चाले, थांबे.
नऊ वाजून बारा मिनिटांनी
आतोबा फेटा बांधून घेत होते,
मान कलती, गालात सुपारी,
बांधणाऱ्याचा फक्त अंगठा दिसतोय,
आणि तिथंच.

दहा मिनिटं. वीस.
मी दोनदा कर्सर आकड्याशी नेला.
डब्याला काही कामच नव्हतं;
पंखा मंदावला, मग ऐकूच येईना,
बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

पावणेअकराला मी दिवा मालवला.
आतोबांची मान अजून कलतीच.
तिनं बंद केलं नव्हतं.