जोड्याचा नंबर

मेडिकलच्या अठ्ठावीस नंबर खाटेपाशी
एक बाई आली, पट्टीआडच्या डोळ्यांकडे पाहिलं
आणि म्हणाली, हेच.
तेव्हापासून मी शालिक तुरकर,
राहणार चिखलबोडी, तालुका तुमसर.

मनसरच्या वळणावर एसटी उलटली म्हणतात.
मागच्या सीटवर एका वयाचे दोघं होतो म्हणतात.
दुसऱ्याला न्यायला कोणी आलं नाही.
पोलिसांनीच उरकलं त्याचं.
कंपाउंडरने हे सांगितलं सुई टोचता टोचता,
जसा धानाचा भाव सांगावा.

मग मी शिकलो.
हा चुलतभाऊ झनकलाल, याच्याशी बोलायचं नाही,
धुऱ्यावरून भांडण आहे.
ही म्हैस माझी, मला पाहून बिचकते
पण ती सगळ्यांनाच बिचकते.
मी चहात साखर घेत नाही.
माझ्या सहीत शेवटच्या र ला शेपूट असते.
दीड महिना वहीभर तुरकर तुरकर लिहिलं,
शेपूट अजून थरथरते.

रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला.
जुळत नाही, म्हणाली मशीन.
रांग हसली :
इथं कोणाचा जुळते बाप्पा,
रोवणी करू करू रेघाच गेल्या!
मीही हसलो.
घरी येऊन उजेडात पाहिलं.
माझ्या अंगठ्यावर रेघा होत्या. सगळ्या. ठसठशीत.

बोडीच्या पाळीवर ढिवरांचं पोरगं
फाटकं जाळं घेऊन बसलेलं.
मी सहज टेकलो बाजूला.
हातांनी मला न विचारता सुई घेतली
आणि वीतभर भोक बुजवून टाकलं.
पोरगं गाठ चाचपत म्हणालं,
ही आमच्यातली नाही काका,
अशी नदीपल्याड मारतात.
मी हात झटकले, जणू काही चिकटलं होतं.

त्या रात्री पेटी उघडली.
शालिकचे जोडे सात नंबरचे.
मला रोज होतात.
उलटे धरून पाहिले :
टाचेची शिवण ब्लेडने उसवलेली,
आतलं चामडं कोरं, अजून उन्ह न पाहिलेलं.

मागे फुलवंता उभी, हातात बॅटरी.
"पाय सुजले न तुमचे दवाखान्यात,"
ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं.
बॅटरीच्या उजेडात तिच्या कोपराजवळचा डाग दिसला,
लांबट, पट्ट्याच्या बकलाएवढा.
हे कशाचं?
"तुमीच केलं."
मग बराच वेळ रातकिडे.
"आधीच्या तुमीनं."

सकाळी चहात साखर होती.
दोन चमचे तरी असेल.
ती चुलीकडे तोंड करून बसली होती,
मी कप रिकामा केला, तळाची साखर बोटानं चाटली.
कोणी काही बोललं नाही.

बुधवारी बाजाराचं सांगून वैनगंगेवर गेलो.
काठाला डोंगा, डोंग्यात म्हातारा,
पलीकडे वाळत घातलेली जाळी, इथून केसांसारखी बारीक.
कोणाचे तुम्ही? त्याने विचारलं.
चिखलबोडीचा तुरकर.
पहिल्यांदाच न अडखळता आलं तोंडातून.
म्हाताऱ्याने माझ्या पायातले जोडे पाहिले,
मग चेहरा, मग बराच वेळ हात.
बरं, म्हणाला,
आणि न विचारता
दुसरं वल्हं माझ्याकडे सरकवलं.