ओढ

केरसीशेठनी दोन्ही गाड्या समोरासमोर लावल्यात,
माझगावच्या गोदामात, ताडपत्र्या बाजूला फेकून.
"एकच घेणार. बोल नी, पाचलकर, कोणती?"

मी खिशातून चुंबक काढतो,
जुन्या स्पीकरमधलं, रुमालात गुंडाळलेलं.
पत्रा असला की ते तोंड लावतं,
पुट्टी असली की मान टाकतं.
माझ्यापेक्षा खरं बोलतं.

पहिली मस्टँग, एकोणसत्तरची.
लांब नाक, आखूड पाठ, मागे उतरत गेलेलं छप्पर,
जाळीच्या एका बाजूला घोडा, अजून चौखूर.
कुण्या संस्थानिकाच्या भाच्यानं बोटीनं आणली,
स्वतःच्या लग्नात फिरवली, आणि झाकून ठेवली.
चेसिसचा नंबर, इंजिनाचा नंबर, कागदावरचा नंबर,
तिन्ही एका आईची लेकरं.
बॉनेटपासून डिकीपर्यंत चुंबक एकदाही पडलं नाही.
अशा गाडीत डेंटरला काही काम नसतं.
हात पाठीमागे बांधून
नुसतं भोवती फिरायचं.

दुसरी चार्जर, अडुसष्टची.
खांद्यात रुंद, कमरेत बारीक,
पुढे नुसती काळी जाळी, दिवे कुठे दिसत नाहीत,
पापण्या मिटून बसलेली.
दारावर चुंबक ठेवलं, पडलं.
मडगार्डवर ठेवलं, पडलं.
शेठ मोजत होते.
मी वाकून मडगार्डच्या आतून हात फिरवला
आणि बोटांना ओळखीचं काही लागलं:
हातोडीचे ठोके, तीन जवळजवळ, चौथा लांब.
चौथ्याच्या आधी हुसेनभाई विडीचा झुरका घ्यायचे.

त्र्याऐंशी साली ही आमच्याकडे आली, दारूखान्यात.
लिटरला चार किलोमीटर, मालक रडकुंडीला.
हुसेनभाईंनी तिचं आठ सिलिंडरचं काळीज उतरवलं,
मॅटॅडोरचं डिझेल बसवलं,
कुजलेल्या मडगार्डला पत्रा लावला
तोही शेजारी फोडलेल्या जहाजाचा.
मी पंधरा वर्षांचा, बॅटरी धरायला.

गाडी चालली, पण डोळे उघडेनात.
हुसेनभाई म्हणाले, पेट्रोलच्या इंजिनाला ओढ असते, पोरा.
ते हवा खेचतं, त्या ओढीवर हिच्या पापण्या उघडतात.
डिझेलला जोर असतो.
ओढ नसते.

मग मीच सायकलच्या ब्रेकची तार आणली,
सव्वादोन रुपयांची,
आणि डॅशबोर्डखाली खटका बसवला.

आता हे शेठना सांगून काय करू?
ते किंमत विचारतायत, किमतीचं उत्तर सोपं आहे.
"मस्टँग घ्या. आकडे जुळतात, पुढे वाढेल.
हिला फार हात लागलेत."
"कोण गाढवानं लावले?"
मी चुंबक रुमालात गुंडाळतो.

ते चेकबुक आणायला आत जातात.
मी चार्जरमध्ये बसतो, डावीकडे,
आपल्याकडे जिथे कुणी चालवायला बसत नाही तिथे.
खटका सापडतो, आंधळ्यालाही सापडेल.
तार गंजलीय. अर्ध्यावर अडते.
मी पाय टेकवून ओढतो.

समोरच्या मस्टँगच्या क्रोमच्या बंपरात
वाकडातिकडा दिसतो मला
एक डोळा उघडलेला.
दुसरा अजून नाही.
तो तेव्हाही उशिरानेच उघडायचा.