दोन कोटी पट

हीउमा बेटावर, कॅर्ड्ला गावाच्या टोकाला,
हेल्डुर मॅन्डच्या घरात काल फायबर आलं.
भिंतीला भोक पाडून तीऊ उठली, गुडघे झटकले:
"सेकंदाला एक गिगाबिट, आजोबा."

"बॉडमध्ये सांग," म्हातारा म्हणाला.
"माझा टेलिप्रिंटर पन्नास बॉडचा होता."

तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणित मांडलं.
बाइट हवे तर आठाने भाग,
आपल्या जुन्या कोष्टकात आठ मापट्यांची पायली, तसंच.
पण ह्याचं अक्षर पाचच बिटांचं,
आधी एक ठोका सुरुवातीचा, शेवटी दीड.
दीड? ती हसली. अर्धा बिट कुणी पाहिलाय?
"मी ऐकलाय."

उत्तर आलं: दोन कोटी पट.

मग त्यानं सांगितलं,
बहात्तरच्या जानेवारीत हापसालूहून आलेला निरोप:
मुलगी झाली दोघी
इथे कागद थांबला. समुद्राखालची केबल गेली.
अकरा मिनिटांनी पुढचा शब्द: सुखरूप.
"हे तुझ्या मापात किती?"

तीऊनं सहाशे साठ लिहिले,
भागाकाराची रेघ ओढली,
आणि पेन्सिल कानामागे खोचली.
कॉफी केव्हाच निवली होती.

आज संध्याकाळी योटेबोरीहून मुलीचा व्हिडिओ कॉल.
"बाबा, रिपोर्ट आले, डॉक्टर म्हणाले"
आणि चेहरा गोठला. गोल चक्र फिरू लागलं.

हेल्डुरनं चष्मा पुसला,
खुर्ची जरा पुढे ओढली,
बोटानं टेबलावर
एक ठोका,
मग अर्धा.